किती ऑपरेशने झाली, आणि किती पाळणे थांबले?



दिवाळी झाली की मी चार दिवस वरंधला धाकट्या बहिणीकडे जाऊन राहतो. भोरकडून घाट उतरावा, माझेरी मागे टाकावी, की खाली कापणी झालेली खाचरे दिसू लागतात आणि वाऱ्यावर पेंढ्याचा वास येतो. यंदा गेलो तेव्हा खळ्यावर झोडणी चालू होती. दाजी, म्हणजे माझे मेव्हणे, पायलीने भात मोजत होते आणि दर पायलीला मोठ्याने आकडा म्हणत होते. मोजताना मध्ये कुणी बोलले की त्यांना राग येतो. माप चुकले तर वर्षाचा हिशेब चुकतो, असे त्यांचे म्हणणे.

संध्याकाळी सगळे पडवीत बसलो. बहिणीची सून गावात आशा म्हणून काम करते. तिने आपल्या नोंदवह्या पुढ्यात घेतल्या होत्या. पात्र जोडपी किती, गरोदर बाया किती, लहान मुले किती, असे रकाने भरता भरता तिने एकदम विचारले,

"मामा, तुम्ही मास्तर होतात, म्हणून विचारते. परवा बैठकीला एक साहेब म्हणाले, कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमामुळं गावागावांत मुलं कमी झाली. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, कार्यक्रम नसता तरी कमी झालीच असती. यातलं खरं कोणाचं?"

मी उत्तर देण्याआधीच कोपऱ्यातून आजी बोलल्या. आजी म्हणजे बहिणीच्या सासूबाई. वय नव्वदीच्या घरात, पण कान अजून तिखट. "पोरं कमी कुठं झाली गं? आमच्या वक्ताला पोरं लय व्हायची न् लय जायची. आता जायची थांबली. मग कशाला व्हतील?"

हे वाक्य मी मनात ठेवले. त्या रात्री पडवीत जो हिशेब झाला तोच आज या सदरात तुमच्यापुढे मांडतो. कारण हा प्रश्न साहेबांचा आणि बाईंचा असला तरी मोजमाप होते ते आपल्या घरातल्या बायकांचे.

एका घरातल्या तीन पिढ्या

प्रथम घरातलेच बघू. आजींना नऊ बाळंतपणे झाली. पाच मुले जगली. कुटुंबनियोजन हा शब्द त्यांच्या कानावर आला तेव्हा शेवटचे मूल रांगत होते. ऑपरेशन केले नाही.

माझ्या बहिणीचे लग्न १९७५ साली झाले. दाजी तेव्हा परळला गिरणीत होते. शिमग्याला आणि गणपतीला घरी येत. बहिणीला पहिल्या सात वर्षांत दोनच मुले झाली. मग १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि दाजी वळकटी घेऊन वरंधला आले ते कायमचेच. १९८३ मध्ये तिसरे मूल, १९८६ मध्ये चौथे. चौथ्यानंतर बहिणीने ऑपरेशन करून घेतले.

सून बारावी झालेली. लग्न तेविसाव्या वर्षी. पहिल्या मुलानंतर तिने तांबी बसवून घेतली, चार वर्षांनी दुसरे मूल झाले, तिथे थांबली. ऑपरेशन अजून केलेले नाही. नवरा, म्हणजे माझा भाचा, महाडच्या कारखान्यांच्या वसाहतीत कामाला जातो आणि रोज रात्री घरी येतो.

आता मला सांगा, या घरात कार्यक्रमाचे यश कुठे नोंदले गेले? नोंदवहीत ऑपरेशन सापडते ते चार मुले झालेल्या माझ्या बहिणीच्या नावावर. नऊ बाळंतपणे झालेल्या आजींच्या नावावर नाही, आणि दोनवर थांबलेल्या सुनेच्या नावावरही नाही. नुसती ऑपरेशने मोजणारा माणूस म्हणेल, सासूने कार्यक्रम मानला, सुनेने मानला नाही. आणि बहिणीची पहिली दोनच मुले सात वर्षांत झाली, ती गिरणीच्या भोंग्यामुळे. तिथे डॉक्टर आलाच नव्हता.

हे ऐकून दाजी हसले. म्हणाले, "म्हणजे संप केला सामंतांनी, न् हिशेब चुकला सरकारचा!"

माझी एक जुनी गोष्ट

हसण्यावारी नेले तरी मला स्वतःची एक गोष्ट आठवत होती. ती मी आजवर लिहिली नव्हती.

१९७६ साली मी घाटावरच्या एका शाळेत नवा मास्तर होतो. आणीबाणी चालू होती. एके दिवशी वरून निरोप आला की प्रत्येक शिक्षकाने नसबंदीच्या दोन 'केसेस' आणायच्या, नाहीतर पगार अडकेल. घरी आईवडील माझ्या पगारावर होते. मी गावभर फिरलो. तरुण मुले मला पाहून वाट बदलत. शेवटी एका म्हाताऱ्या गड्याला तयार केले. त्याचे वय पन्नाशीच्या पुढे, धाकटे पोर पंधरा वर्षांचे, बायकोची पाळी जाऊन दोन-तीन वर्षे झालेली. त्याला थोडे पैसे मिळणार होते आणि त्या वर्षी त्याच्या घरी जोंधळा संपला होता. तो आला, टेबलावर निजला, आठ दिवस कण्हत पडला. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, तुमचं काम झालं न्हवं?"

माझा पगार सुटला. शिबिराचा आकडा एकाने वाढला, तालुक्याचा वाढला, महाराष्ट्राचा वाढला. जन्माला येणारे एकही मूल मात्र त्या ऑपरेशनने थांबले नाही. कारण त्या घरात ते येणारच नव्हते.

असे म्हातारे त्या वर्षी किती होते हे मला सांगता येणार नाही. पण देशाचा आकडा सर्वांना ठाऊक आहे. १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ८२ लाख ऑपरेशने झाली, त्यांतली ६२ लाखांच्या आसपास पुरुषांची. आपल्या राज्याने दिलेले लक्ष्य मागे टाकले आणि तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयकही त्याच वर्षी विधिमंडळात मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. पुढच्या वर्षी, आणीबाणी उठल्यावर, देशातली ऑपरेशने ८२ लाखांवरून नऊ-साडेनऊ लाखांवर आली. पुरुष तर या कामापासून असे दूर गेले की अजून परतलेले नाहीत.

आणि जन्मांचे काय झाले? देशात १९७७ साली दर हजार माणसांमागे ३३ जन्म होत होते. १९८१ साली ते जवळजवळ ३४ होते. एवढ्या ऑपरेशनांनंतर जन्मदर धाडकन खाली यायला हवा होता. तो जागच्या जागी राहिला.

पायली एक, धान्य दुसरे

सून म्हणाली, "मग मामा, ऑपरेशन मोजूच नये का?"

मोजावे. पण काय मोजतो आहोत हे समजून मोजावे. नांगरटीचे दिवस मोजून कुणी पीक किती आले हे सांगत नाही. ऑपरेशन ही नांगरट आहे, जन्म हे पीक. लोकसंख्येचे अभ्यासक एक हिशेब करतात. ऑपरेशन करणाऱ्या बाईचे वय किती, त्या वयाच्या बायकांना पुढच्या वर्षांत सरासरी किती मुले होतात, त्यातून ही बाई वा तिचा नवरा दुसऱ्या उपायाने थांबलेच असते का, हे सगळे वजा करून किती जन्म टळले याचा अंदाज बांधतात. त्या हिशेबात चोवीस वर्षांची दोन मुलांची आई आणि अडतीस वर्षांची पाच मुलांची आई यांचे वजन सारखे नसते. माझ्या त्या म्हाताऱ्याचे वजन शून्य. पण शिबिराच्या फळ्यावर तिघांनाही एकेकच खूण.

बरे, जन्म तरी नीट मोजता येतात का? तेही सोपे नाही. आपल्याकडे जन्माची नोंद मूल जिथे जन्मले तिथे होते. वरंधच्या सुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात. कुणी बिरवाडीच्या पलीकडे, कुणी पोलादपूरला, कुणी भोरला. आता बऱ्याच जणी महाडच्या दवाखान्यात जातात. म्हणजे मूल वाढते वरंधला आणि नोंद पडते दुसरीकडे. नुसती वरंधची वही पाहिली तर वाटेल गावात पाळणाच हलत नाही.

दुसरी अडचण आपल्या डोंगराकडच्या गावांची खास. महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून तरुण माणसे पिढ्यान्पिढ्या मुंबईला गेली. मागे उरले म्हातारे आणि बायका. अशा गावात दर हजारी जन्म कमीच दिसणार. तो कार्यक्रमाचा गुण म्हणावा का? म्हणून जाणकार दुसरे माप वापरतात. पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या दरम्यान, आजच्या चालीने गेले तर, एका बाईला सरासरी किती मुले होतील, असा तो हिशेब. त्याला एकूण जननदर म्हणतात. गावात म्हातारे किती आहेत याने त्यात फरक पडत नाही.

यासाठी सरकारने १९६९-७० पासून देशभर निवडक गावांत नमुना नोंदणी सुरू केली. गावातलाच एक माणूस, पुष्कळदा शाळामास्तर, जन्म-मृत्यू टिपत राहतो. दर सहा महिन्यांनी बाहेरचा दुसरा माणूस येऊन घरोघर विचारतो. मग दोन्ही वह्या ताडून पाहतात आणि जिथे फरक पडेल तिथे पुन्हा जाऊन खात्री करतात. खळ्यावर एकाने मोजावे आणि दुसऱ्याने पडताळावे, तसेच हे.

या नोंदणीप्रमाणे महाराष्ट्राचा एकूण जननदर १९७१ साली ४.६ होता, १९९१ साली ३ वर आला आणि २०११ साली १.८ वर. केंद्र सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली तो १.७ आढळला. आजींपासून सुनेपर्यंतचा प्रवास हाच आहे. आता प्रश्न उरतो सुनेचाच: हा प्रवास कुणी घडवला?

दोन खाचरे

दाजींनी यंदा एका खाचराला नवे खत घातले. भात चांगले आले. मी विचारले, "खतानं आलं?" ते म्हणाले, "पाऊसही बरा झाला ना." "मग खताचं किती आणि पावसाचं किती?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "शेजारच्या खाचराला घातलं नव्हतं. तिथलं भात बघायचं. पाऊस दोघांवर सारखाच पडला."

बंधूंनो, मोठमोठ्या विद्यापीठांनी जी युक्ती वापरली ती हीच. कार्यक्रमाचा गुण किती हे पाहायचे तर कार्यक्रम नसलेले खाचर शेजारी हवे.

पंजाबात लुधियाना जिल्ह्यात, खन्ना गावाच्या आसपास, हार्वर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात असा प्रयोग केला. काही गावांत घरोघर जाऊन संततिनियमनाच्या गोळ्या वाटल्या. त्या पोटात घ्यायच्या नव्हत्या, फेस होणाऱ्या होत्या. शेजारची काही गावे तशीच ठेवली. लोकांनी गोळ्या आदराने घेतल्या, पण बऱ्याच जणांनी वापरल्या नाहीत. पाहुणा दारात आला, त्याला नाही कसे म्हणायचे! जन्मदर गोळ्या दिलेल्या गावांत उतरला, तसा न दिलेल्या गावांतही उतरला. मुलींची लग्ने उशिरा होऊ लागली होती, त्याचा तो परिणाम. शेजारचे खाचर पाहिले नसते तर सारे श्रेय गोळ्यांना गेले असते.

आता दुसरी बाजू. बांगलादेशात मतलब नावाचा नदीकाठचा गरीब, भातशेतीचा भाग आहे. तिथे १९७७ साली सुमारे दीडशे गावांचे दोन भाग केले. एका भागात गावातल्याच शिकलेल्या बाया दर पंधरवड्याला घरी जात. गोळ्या, इंजेक्शन, तांबी, ज्या बाईला जे सोसेल ते देत, त्रास झाला तर विचारपूस करीत. दुसऱ्या भागात नेहमीची सरकारी व्यवस्था. काही वर्षांनी पहिल्या भागातला जननदर दुसऱ्यापेक्षा सुमारे पाव हिश्श्याने कमी आढळला. गरिबी सारखी, पूर सारखा, शाळा सारख्या. म्हणजे हा फरक कार्यक्रमाचाच म्हणावा लागतो.

दोन्ही प्रयोगांतून निघते ते असे. घरच्या बाईला मनातून थांबायचे आहे आणि साधन मिळत नाही, तिथे कार्यक्रम खरोखर पाळणा थांबवतो. जिथे तिला किंवा घराला थांबायचेच नाही, तिथे गोळ्या फळीवर पडून राहतात. आणि जिथे सगळे आधीच थांबले आहेत, तिथे ऑपरेशन फक्त फळ्यावरची खूण वाढवते.

ही थांबण्याची इच्छा सरकारनेच आणली असेही नाही. सरकारी कार्यक्रम १९५२ चा. त्याच्या कितीतरी आधी, १९२१ साली, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते आणि त्यापायी लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आपल्या महाडच्या चवदार तळ्याचे पाणी सर्वांना खुले करण्यासाठी उभे राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा प्रस्ताव आणला होता. तो फेटाळला गेला. गरज लोकांत होती, साधन नव्हते.

गोव्याचे माप

आपल्या शेजारचे एक उदाहरण घ्या. १९९२-९३ साली देशभर पहिली कुटुंब आरोग्य पाहणी झाली. त्या वेळी महाराष्ट्रातली निम्म्याहून थोडी जास्त जोडपी काही ना काही साधन वापरत होती. गोव्यात निम्म्याहून थोडी कमी. साध्या हिशेबाने गोव्यात मुले जास्त हवीत. निघाले उलटे: महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी २.९ मुले, गोव्यात १.९. गोव्यात मुली शाळेत जास्त वर्षे होत्या, लग्ने पुष्कळ उशिरा होत होती, आणि जन्मलेली मुले जगत होती.

आजींचे वाक्य इथे पुन्हा आठवते. १९७१ साली देशात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १२९ मुले वर्षाच्या आत जात. २०२० साली हा आकडा २८ होता. ज्या आईला चारातली दोन जातील अशी धास्ती आहे ती सहा होऊ देते. जिची दोन्ही जगतील अशी खात्री आहे ती दोनवर थांबते. धास्ती घालवली की ऑपरेशनसाठी मागे लागावे लागत नाही.

हे ओळखून आपल्याच राज्यात काम झाले आहे. तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच, पुष्कळशा निरक्षर बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. आधी पाणी, मुलांचे खाणे, लसी, सुरक्षित बाळंतपण, त्याच्याबरोबर कुटुंबनियोजन. त्यांच्या नोंदीप्रमाणे तिथे १९७१ साली हजारी १७६ तान्ही मुले दगावत होती आणि जन्मदर हजारी ४० होता. १९९३ पर्यंत पहिला आकडा १९ वर आणि दुसरा २० वर आला. आपल्या रायगड जिल्ह्यातही, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या मांडव्याला डॉ. नोशीर अंतिया यांनी सत्तरीच्या दशकात सुमारे तीस गावांत गावच्याच बायांना हाताशी धरून असाच प्रयोग केला होता.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की जामखेडला सारेच एकदम बदलले: विहिरी, शेती, शाळा, बायकांची मंडळे. त्याच वर्षांत सबंध महाराष्ट्राचाही जन्मदर उतरत होता. तेव्हा जन्मदराची एवढी घट एकट्या तांबीमुळे आणि एवढी एकट्या लसीमुळे, असे वाटे घालता येत नाहीत. पण मुले जगायला लागली आणि मग जन्म कमी झाले, एवढे तिथल्या बाया स्वतः सांगत.

जे मोजतात तेच होते

आता कुणी म्हणेल, मास्तर, मुले कमी झाली ना, मग कशाने झाली याची उठाठेव कशाला?

कशाला ते सांगतो. सरकार जे मोजते तेच खालचा माणूस करतो. ऑपरेशने मोजली तेव्हा माझ्यासारखा मास्तर म्हाताऱ्याला पकडून घेऊन गेला. लक्ष्याची ही पद्धत केंद्र सरकारने १९९६ साली सोडली, हे चांगले झाले. पण तिची सवय अजून पूर्ण गेलेली नाही. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ निम्म्यांचे ऑपरेशन झालेले होते. पुरुषांची नसबंदी झालेली जोडपी शंभरात एकही भरत नाहीत. आणि बायकांचे ऑपरेशन होते ते बहुधा पंचविशीच्या आसपास. म्हणजे लवकर लग्न, पाठोपाठ दोन-तीन बाळंतपणे, आणि लगेच पोटावर टाका. वहीत हे यशच दिसते. त्या बाईचे रक्त किती उरले, मुलांत अंतर किती पडले, तिला दुसरा उपाय कुणी सांगितला का, याला वहीत रकाना नाही.

त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. राज्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी शंभरात सुमारे बावीस जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधीच झालेले होते. ज्या कामाने गोव्यात पाळणे कमी झाले ते आपल्याकडे अजून अर्धे राहिले आहे, आणि त्याला ना शिबिर लागते, ना डॉक्टर. ते काम बापाच्या हातात आहे.

तेव्हा पडवीत मी सुनेला सांगितले ते तुम्हालाही सांगतो. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघाला तर "यंदा केसेस किती?" एवढेच विचारून बसू नका. पुढच्या चार गोष्टी विचारा. गावात यंदा लग्न झालेल्या मुलींची वये काय होती? पहिल्या आणि दुसऱ्या मुलात किती अंतर पडले? वर्षाच्या आत किती मुले गेली, आणि कशाने? आणि ज्यांनी साधन वापरले, त्यांनी ते आपण होऊन निवडले की कुणी मागे लागले म्हणून? वरंधसारख्या गावात हे चार आकडे एका पाठीवर मावतील. माहेरी झालेली बाळंतपणेही आठवणीने धरा, नाहीतर माप खोटे पडेल.

आणि बंधूंनो, एक शब्द तुमच्याशी. आता पुरुषांच्या नसबंदीला टाकाही लागत नाही. थोड्या वेळाचे काम, दोन दिवस विसावा, आठवडाभर जड उचलायचे नाही. नंतरचे तीन महिने मात्र दुसरे साधन वापरावे लागते आणि मग तपासणी करून खात्री करावी लागते. बाईच्या ऑपरेशनला पोट उघडावे लागते. १९७६ च्या सक्तीने आपण भ्यालो, ते भय समजण्यासारखे आहे. पण तेव्हा जबरदस्ती झाली म्हणून आज पन्नास वर्षांनीही सगळा भार घरच्या बाईनेच उचलायचा, हा हिशेब कुठल्या पायलीने बरोबर येतो?

हे बोलणे चालू असताना भाचा कामावरून आला. त्याने सगळे उभ्याउभ्याच ऐकले, काही बोलला नाही. हात-पाय धुऊन जेवायला बसला. सुनेने वही मिटताना मला विचारले, "मामा, तुमच्या त्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं?"

तो १९८४ साली वारला. त्याच्या धाकट्या पोराला मी शेवटपर्यंत शिकवले. त्याच्या वहीवर कधी फी लावली नाही. त्याला कारण ठाऊक नव्हते, आणि मी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना भाचा मला सोडायला एसटीच्या थांब्यापर्यंत आला. गाडी वळणावर दिसली तेव्हा पिशवी हातात देत हळूच म्हणाला, "मामा, ते टाका न घालता करतात म्हणालात, ते महाडला होतं का?"

मी म्हटले, "सरकारी दवाखान्यात चौकशी कर. आणि आधी घरात बोल."

"बोललोय," तो म्हणाला.